वाळवंटातल्या अम्मा आणि मनातली लढाई



लढाई म्हटलं की आपल्याला घोडे, तलवारी, गडकिल्ले आठवतात. आज आपण अशा एका लढाईचा इतिहास ऐकणार आहोत, जिच्यात यातलं काहीच नव्हतं. लढणाऱ्यांत बायका होत्या आणि मैदान होतं त्यांचं स्वतःचं मन. ही हकिकत इजिप्त देशातली, सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वीची.

ख्रिस्ती धर्मात या लढाईला आध्यात्मिक युद्ध म्हणतात. बायबलमध्ये इफिस शहरातल्या भाविकांना लिहिलेलं एक पत्र आहे. त्यात या युद्धाची शस्त्रं सांगितली आहेत : सत्याचा कमरपट्टा, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण. पण शस्त्रांच्या आधी एक गोष्ट बजावली आहे. ही झुंज हाडामांसाच्या माणसांशी नाही, वाईटाच्या न दिसणाऱ्या शक्तींशी आहे. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढे हेच विसरल्यानं मोठा घात झाला.

त्या काळी इजिप्तवर रोमचं राज्य होतं आणि ख्रिस्ती लोकांचा छळ होत असे. इसवी सन ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइन बादशहाच्या काळात तो थांबला. हळूहळू धर्माला मान मिळाला, पैसाही आला. तेव्हा अनेकांच्या मनात आलं, बाहेरचा शत्रू तर गेला, पण आतल्याचं काय? असे स्त्री-पुरुष गाव सोडून वाळवंटाकडे निघाले. त्यांच्या आधीच अँथनी नावाच्या शेतकरी घरातल्या तरुणानं ही वाट धरली होती. आईवडील गेल्यावर त्यानं वडिलोपार्जित जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली. त्याचं चरित्र अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांनी लिहिलं. त्यात सैतान पहिल्यांदा कशानं हल्ला करतो, माहीत आहे? अक्राळविक्राळ रूपानं नाही. तो त्याला सोडलेल्या जमिनीची आठवण देतो, धाकट्या बहिणीची काळजी लावतो. मनात येणारे साधे विचार, हेच पहिलं शस्त्र.

वाळवंटातल्या या जुन्याजाणत्या पुरुषांना ‘अब्बा’ म्हणत आणि बायकांना ‘अम्मा’. त्यांचे बोल पुढे गोळा केले गेले. त्या संग्रहात शंभराहून जास्त पुरुष आहेत आणि अम्मा फक्त तीन : थिओडोरा, सारा आणि सिंक्लेटिका.

सिंक्लेटिका अलेक्झांड्रियाच्या सधन घरातली. आईवडील वारल्यावर तिनं सगळं विकून गोरगरिबांना वाटलं, केस कापले आणि आपल्या अंध बहिणीला घेऊन शहराबाहेर घराण्याच्या दफनघरात राहायला गेली. बायका तिच्याकडे सल्ल्याला येऊ लागल्या. तिचे दाखले घरातले असत. ती सांगे, चूल पेटवताना आधी धूर होतो, डोळ्यांतून पाणी येतं, मग जाळ धरतो. देवाच्या वाटेचंही तसंच. तिचं आणखी एक म्हणणं असं, की डोंगरात राहूनही माणूस मनानं बाजारात असू शकतो आणि गर्दीत राहूनही मनानं एकांतात असू शकतो. म्हणजे मनाकडे बघायला घरदार सोडावंच लागतं असं नाही. शेवटी मोठ्या आजारानं तिची वाचा गेली, तरी तिच्याभोवतीच्या बायका हलल्या नाहीत.

साराची गोष्ट वेगळी. वासनेच्या विचारांशी ती तेरा वर्षं झुंजली. पण ही लढाई टळू दे, असं तिनं कधी मागितलं नाही. फक्त बळ मागितलं. एकदा दोन वृद्ध संन्यासी तिला खाली दाखवायला आले. आम्ही पुरुष असून एका बाईकडे आलो याचा गर्व करू नकोस, असं त्यांनी सुनावलं. तिचं उत्तर साधं होतं : मी देहानं बाई आहे, विचारानं नाही.

या लढाईचं शास्त्र लिहून ठेवलं एव्हाग्रियस यांनी. ते ३९९ मध्ये वारले. कॉन्स्टँटिनोपलमधला हा विद्वान मनाच्या ओढाताणीत सापडला आणि जेरुसलेममध्ये आजारी पडला. तिथं मेलानिया या रोमन बाईचा मठ होता. तिनं त्याच्या मनातलं काढून घेतलं, त्याला सावरलं आणि इजिप्तची वाट दाखवली.

आपल्याकडे सहा रिपू सांगतात, तसे एव्हाग्रियस यांनी आठ विचार सांगितले : खादाडपणा, वासना, लोभ, खिन्नता, राग, मरगळ, मोठेपणाची हाव आणि गर्व. मरगळीला ते दुपारचं भूत म्हणत. ऊन तापलेलं, सूर्य जागचा हलेना, दिवस पन्नास तासांचा वाटतो. कामात जीव लागत नाही, सारखं दाराबाहेर बघावंसं वाटतं, आपलं कुणी नाही असं वाटतं. हे आपल्यापैकी कितीजणींनी अनुभवलं असेल! उपाय तीन होते. आलेल्या विचाराला नाव द्यायचं, तो जाणत्या माणसाला उघड सांगायचा आणि शास्त्रातल्या वचनानं त्याला उत्तर द्यायचं. जोडीला हाताला काम असे : ताडाच्या पातीच्या दोऱ्या वळायच्या, टोपल्या विणायच्या, त्या विकून पोट भरायचं.

सिंक्लेटिकेचा एक बोल सगळ्यात मोलाचा वाटतो. ती म्हणे, दुखावणाऱ्या माणसाचा द्वेष करू नका. आजाराचा राग धरा, आजाऱ्याचा नको.

युरोपात पुढे हेच विसरलं गेलं. मनातला सैतान लोक शेजारणीत शोधू लागले. पंधराव्या शतकात हाइनरिश क्रेमर या धर्मगुरूनं चेटकिणी ओळखण्याचं पुस्तक लिहिलं आणि त्यात बायकांनाच जास्त दोषी धरलं. पुढच्या तीनशे वर्षांत युरोपात चाळीस ते साठ हजार माणसांना चेटकाच्या आरोपावरून मारलं गेलं, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यात बहुसंख्य बायका होत्या. अमेरिकेतल्या सेलम गावात १६९२ मध्ये १९ जणांना फाशी दिली, त्यात १४ बायका. लढाई आतली होती, ती बाहेर काढली आणि बळी गेला बाईचा.

हे फक्त परदेशातलं नाही. रोगराई आली, गुरं दगावली की गावातल्या एखाद्या एकट्या बाईकडे बोट दाखवणं आपल्याकडेही होतं. म्हणून तर महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला.

एक मात्र स्पष्ट करायला हवं. द्वेष करू नका याचा अर्थ अन्याय सोसा असा होत नाही. घरात मारहाण होत असेल तर तिथं गटानं उभं राहायचं, कायद्याची मदत घ्यायची. आणि मरगळ आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर आशाताईंना सांगून डॉक्टरांकडे जायचं.

पुढच्या बैठकीत दोन प्रश्नांवर बोलूया. मनात वाईट विचार आला तर तो विश्वासानं सांगता येईल अशी ‘अम्मा’ आपल्या गटात कोण आहे? आणि आपल्या गावात एखाद्या बाईवर असं बोट दाखवलं गेलं, तर तिच्या बाजूनं पहिलं कोण बोलेल?