तार कुठं आहे?

आमच्या घरी एक मर्फी रेडिओ होता आणि त्याचं एक परवाना-पुस्तक होतं. अब्बा दरवर्षी पोस्टात जाऊन फी भरत आणि पुस्तकावर शिक्का मारून आणत. हवेतून येणारं गाणं ऐकायलाही सरकारची परवानगी लागते, याचं लहानपणी मला फार नवल वाटे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात हा परवाना रद्द झाला. अम्मीनं मात्र ते पुस्तक ट्रंकेत जपून ठेवलं.

मागच्या हिवाळ्यात त्या पुस्तकाची आठवण झाली, त्याचं निमित्त सांगतो. अब्बांचं चालतंबोलतं चित्र एकच. बहिणीच्या निकाहाच्या व्हिडिओ कॅसेटमधलं. ती कॅसेट एका दुकानदाराकडून पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. पण अम्मीची नजर आता मंदावली आहे. लॅपटॉपच्या पडद्यावर तिला नुसत्या सावल्या दिसत. तेव्हा भाची एक बोटभर लांबीचं यंत्र घेऊन आली. वायरलेस डिस्प्ले ॲडॉप्टर म्हणतात त्याला. टीव्हीच्या मागं खोचायचं आणि लॅपटॉपमधलं चित्र तारेविना टीव्हीवर आणायचं.

हे ऐकून मला आमची माडी आठवली. १९८४च्या सुमारास देशभर दूरदर्शनची लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रं भराभर उभी राहिली आणि आमच्याही गल्लीत टीव्ही आला. मी कौलांवर ॲन्टेना फिरवायचो, खालून आरोळ्या यायच्या, ‘आलं, आलं... गेलं!’ माशाच्या काट्यासारखा तो ॲन्टेना १९२६ साली जपानमधल्या सेंदाई इथं शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी जगापुढं मांडला होता. म्हणजे टीव्ही आपल्याकडं आला तोच मुळी हवेतून. मग नव्वदच्या दशकात केबलवाल्यानं गल्लीभर तारा ओढल्या. आता तार पुन्हा निघाली.

या वाटेवरचा एक मोठा टप्पा आपल्याच देशातला आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये भिंतीपलीकडून अदृश्य लहरी पाठवून घंटा वाजवली, दारू पेटवली. पेटंट घेण्यात त्यांना रस नव्हता. पुढं १९४२ मध्ये हॉलिवूडची नटी हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी एका युक्तीचं पेटंट मिळवलं. पाणतीराला दिलेला संदेश शत्रूनं अडवू नये म्हणून तो ठरलेल्या क्रमानं या लहरीवरून त्या लहरीवर उड्या मारत जाईल, अशी ती युक्ती. लहरी ८८, पियानोच्या पट्ट्या असतात तितक्याच! नौदलानं तेव्हा ती वापरली नाही. पण लहरी बदलत बोलण्याचं तंत्र आज ब्लूटूथमध्ये आहे.

खरा बदल मात्र कायद्यानं घडवला. १९८५ मध्ये अमेरिकेनं काही लहरपट्टे परवान्याविना वापरायला खुले केले. त्यातला एक होता २.४ गिगाहर्ट्झचा, मायक्रोवेव्ह भट्ट्यांच्या गोंगाटाचा, म्हणून कुणी फारसा न विचारलेला. त्याच पडीक जमिनीत वायफाय उगवलं; १९९७ मध्ये त्याचं पहिलं मानक ठरलं. भारतानं हा पट्टा २००५ मध्ये मोकळा केला. २०१२ मध्ये मिराकास्ट आलं, आणि लॅपटॉप थेट टीव्हीशी बोलू लागला. त्याला इंटरनेटही लागत नाही. लॅपटॉप आपलं चित्र आवळून लहान करतो, हवेत सोडतो. ॲडॉप्टर ते झेलतो, उलगडतो आणि एचडीएमआयच्या खाचेतून टीव्हीला देतो.

आणि ज्या जमिनीवर कुणाचाच सातबारा नाही, तिथं भांडणं कशी होत नाहीत? कवी म्हणून मला यातलं उत्तर फार आवडलं. वायफायचं प्रत्येक यंत्र बोलण्याआधी ऐकतं. दुसरं कुणी बोलत असेल तर क्षणभर थांबतं आणि मग आपलं सांगतं. इमारतीतले सगळे शेजारी एकाच हवेत नांदतात ते या रिवाजावर. माणसांच्या सभेत हा रिवाज हल्ली कमी दिसतो.

तर, आम्ही यंत्र खोचलं. त्याची वीजेची शेपटी टीव्हीच्याच यूएसबीत लावली. लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि ‘के’ दाबलं. काहीच दिसेना! मी तर माडीवर चढायच्याच बेतात होतो. मग भाची म्हणाली, ‘मामू, रिमोटनं एचडीएमआय तरी निवडा.’ निवडलं, आणि पडद्यावर मांडव आला. फेटा बांधलेले अब्बा पाहुण्यांना हात धरून पंगतीत बसवत होते. चित्र मधेच किंचित अडखळे, पुन्हा चाले.

अम्मी उठून टीव्हीजवळ गेली. आधी तिनं पडद्यावर हात ठेवला, मग टीव्हीच्या मागं चाचपून पाहिलं.

‘तार कुठं आहे रे?’

‘तार नाही अम्मी. हवेतून येतंय.’

ती बराच वेळ अब्बांकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, ‘मग फी भरलीस का? त्यांना उशीर खपायचा नाही.’