रक्तगट बदलतो तेव्हा

रक्तगट म्हणजे आम्हा प्रोग्रामरांच्या भाषेत कॉन्स्टंट. जन्मभर तोच! पण १९५९ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक अजब नोंद आली. काही 'ए' गटाच्या पेशंट्सच्या लाल पेशी 'बी'चीही खूण दाखवत होत्या. सीरममध्ये मात्र 'बी'विरोधी अँटिबॉडी होत्याच.

पुढे उलगडा झाला. आतड्यातल्या जीवाणूंचं एन्झाइम 'ए'च्या साखरेचा छोटासा तुकडा छाटतं, मग ती 'बी'सारखी भासते. असं होतं ते बहुतेकदा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये किंवा संसर्गात. म्हणजे 'एबी' असा शिक्का मारून मोकळं झालं, तर चुकीचं रक्त चढून जिवावर बेतणार, वर आजारही लपलेलाच राहणार.

दोन टेस्ट भांडत असतील, तर मला वाटतं, एकीला गप्प करू नये. भांडणाचं कारण शोधावं.