लाखेपासून ड्युकोपर्यंत

चौलच्या रस्त्यावर गाडी चेपली की मालक म्हणतो, ‘डेंटिंग-पेंटिंगला टाकलीय.’ शब्द इंग्रजी खरा. पण त्यातल्या रंगकामाची कुळी शोधायला आपल्याला गावाबाहेर फारसे जावे लागत नाही. टॉलेमीने दुसऱ्या शतकात ‘सिमुल्ला’ म्हणून नोंदवलेले हे बंदर कारागिरांचेही होते. 1521 मध्ये पोर्तुगीजांनी शेजारी रेवदंड्याला कोट बांधायला घेतला; चौलचा माल तर त्याआधीपासूनच दूरदेशी जात होता. सतराव्या शतकाच्या आरंभी पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी इथल्या रेशमाची वाखाणणी करतो, आणि त्यासोबत पेट्या, कपाटे, लाखकाम केलेले पलंग यांचीही. चौलची आठवण काढताना आपण रेशमावर थांबतो. हे लाखारी मात्र विसरून जातो. बोर, पळस, कुसुम अशा झाडांवरच्या किड्याची ही लाख. संस्कृतातल्या ‘लाक्षा’पासून निघालेले तिचे नाव पोर्तुगीजांच्या तोंडून युरोपात गेले आणि इंग्रजीत ‘लॅकर’ झाले.

तेच नाव तीनशे वर्षांनी मोटारीवर चढून परत आले. सुरुवातीच्या मोटारींना घोडागाडीसारखेच तेलाचे रंग आणि वार्निश लावत. हात वाळायचा, घासायचा, पुन्हा पुढचा हात. असे आठवडे जात. 1923 मध्ये अमेरिकेच्या ड्यूपाँ कंपनीचे ‘ड्युको’ हे नायट्रोसेल्युलोज लॅकर जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर आले आणि आठवड्यांचे काम दिवसांवर आले. त्यात लाखेचा कणही नव्हता, होते फक्त नाव. आपल्या गॅरेजांनी मात्र कंपनीचे नाव सामान्यनाम करून टाकले. ‘ड्युको मारणे’ म्हणजे फवाऱ्याने गाडी रंगवणे, मग डब्यात काहीही असो.

पत्र्याच्या कामाचे पूर्वज तांबट आणि कल्हईवाले. भांड्याच्या पोटात आधार धरून बाहेरून ठोकायचे, ही तांबटाची रीत. डेंटर आतून डॉली धरतो आणि बाहेरून हातोडी मारून पोचा काढतो. लांबी भरण्याची चाल येण्यापूर्वी खोलगट जागा शिसे-कथलाच्या मिश्रणाने भरत, आणि ते धरावे म्हणून पत्रा आधी साफ करून त्यावर कथील चढवत. ही कल्हईच! 1898 च्या सुमारास मुंबईत मोटारी दिसू लागल्या, 1944 मध्ये वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, गाड्या वाढल्या. पण शिकवणी बदलली नाही. पोऱ्याने आधी पॉलिश पेपर घासायचा, पाने-हातोड्या द्यायच्या, आणि पत्र्यावरून बोटे फिरवून उंचसखल ओळखायला शिकायचे. उस्ताद सांगत काहीच नसे. चुकले की समजे.

या शिकवणीला पहिला खरा धक्का शाळेने दिला नाही, पोलादाने दिला. वेगळी चौकट नसलेली, पत्र्याच्या सांगाड्यावरच उभी राहणारी गाडी लॅन्सियाने 1922 मध्ये आणली. पुढे 1951 मध्ये मर्सिडीझच्या बेला बारेनी यांनी पेटंटसाठी मांडणी केली, की टक्कर झाल्यावर गाडीची टोके चेपावीत आणि मधली माणसे वाचावीत. मग अतिमजबूत पोलाद आले. गॅसच्या ज्योतीवर लाल करून पत्रा सरळ करणे ही उस्तादाची हुकमी युक्ती. त्या उष्णतेने हे पोलाद मऊ पडते. वरून गाडी नवीकोरी दिसते आणि पुढच्या धडकेत दगा देते. म्हणून या धंद्यात आता तक्ते वाचणे, सांगाड्याची मापे घेणे, कुठला भाग ठोकायचा आणि कुठला बदलायचाच हे जाणणे अटळ झाले. माझ्या मते लाखाऱ्यांच्या काळापासूनचे हे सर्वांत मोठे वळण.

सरकारने 1950 मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. तिच्यात आज आयटीआयसाठी ‘मेकॅनिक ऑटो बॉडी रिपेअर’ आणि ‘मेकॅनिक ऑटो बॉडी पेंटिंग’ असे वर्षावर्षाचे दोन स्वतंत्र व्यवसाय आहेत. चौलच्या मुलाने अलिबागचा रस्ता धरावा आणि आपल्याला जवळ पडेल अशा कुठल्या संस्थेत ते चालतात याची चौकशी करावी. वर्ष संपल्यावर 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कार्यशाळेत उमेदवारी करता येते. तिथे तो पुन्हा उस्तादाच्या शेजारीच उभा राहतो, फक्त या वेळी विद्यावेतन घेऊन.