अस्वस्थ पाद लक्षणसमूह

अस्वस्थ पाद लक्षणसमूह : विश्रांतीच्या वेळी, विशेषतः सायंकाळी व रात्री, पाय हलविण्याची अनिवार इच्छा होणे आणि पाय हलविताच बरे वाटू लागणे, हे प्रमुख लक्षण असलेला तंत्रिका तंत्राचा (मज्जासंस्थेचा) विकार. त्याला ‘विलिस–एकबोम रोग’ असेही म्हणतात. या इच्छेबरोबर पोटऱ्यांमध्ये व नडग्यांमध्ये बहुधा नकोशा संवेदना होतात. वळवळ, शिवशिव, हुळहुळ, आतून काहीतरी सरपटल्यासारखे वाटणे, अशा निरनिराळ्या शब्दांनी रुग्ण त्यांचे वर्णन करतात. पायांची तपासणी केली असता मात्र सहसा कोणताही दोष आढळत नाही. त्यामुळे रुग्णाच्या सांगण्यावर वैद्यकाने कितपत विश्वास ठेवला, याचाच इतिहास म्हणजे बव्हंशी या विकाराचा इतिहास होय.

इतिहास : या विकाराचे पहिले स्पष्ट वर्णन इंग्रज वैद्य टॉमस विलिस (१६२१–७५) यांनी १६७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या लॅटिन ग्रंथात केले. त्याचे इंग्रजी रूप १६८५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. झोपेसाठी अंथरुणावर पडताच हातापायांत सुरू होणारे उसळणे व तळमळ आणि त्यामुळे छळस्थानी असल्याप्रमाणे झोपेला पारखा झालेला रुग्ण, असे चित्र त्यांनी रेखाटले आहे. रक्त व तंत्रिका यांतील रस बिघडल्यामुळे हे घडते, अशी त्यांची कल्पना होती. ती पुढे टिकली नाही. परंतु एका रुग्ण स्त्रीला अफूच्या औषधाने आराम पडल्याची त्यांची नोंद महत्त्वाची ठरली. तीव्र विकारात अफूवर्गीय औषधांचा उपयोग होतो, हे विसाव्या शतकात पुन्हा दिसून आले.

विलिस यांनी ही तक्रार शारीरिक मानली होती. एकोणिसाव्या शतकात मात्र ती मनाच्या दुर्बलतेकडे वळविली गेली. जर्मन वैद्य टेओडोर व्हिटमाक यांनी १८६१ मध्ये तिला ‘अँक्झायटस टिबिएरम’ (नडग्यांची बेचैनी) असे नाव दिले आणि तिची गणना उन्मादाच्या लक्षणांत केली. अमेरिकन वैद्य जॉर्ज मिलर बिअर्ड यांनी १८८० मध्ये तिचा अंतर्भाव तंत्रिकादौर्बल्यात केला. डोळ्यांना काही दिसत नाही, त्याअर्थी रोगही नाही, अशा समजुतीमुळे अनेक रुग्णांची, त्यांतही स्त्रियांची, तक्रार दुर्लक्षित राहिली. हेरमान ओपेनहाइम यांच्या तंत्रिकारोगांवरील जर्मन पाठ्यग्रंथाच्या १९२३ च्या आवृत्तीत हा विकार तंत्रिका तंत्राचा असून काही कुटुंबांत तो आनुवंशिक असतो, असे नमूद झाले.

स्वीडिश तंत्रिकावैज्ञानिक कार्ल-आक्सेल एकबोम (१९०७–७७) यांच्या कार्यामुळे या विकाराला वैद्यकात स्थान मिळाले. त्यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधाला ‘अस्वस्थ पाय’ या अर्थाचे साधे इंग्रजी नाव दिले आणि तेच रूढ झाले. रुग्णांच्या कथनांची काळजीपूर्वक तुलना करून त्यांनी त्यांतील समान सूत्र दाखवून दिले. हा विकार विरळा नसून वैद्यांनी त्याची चौकशी न केल्यामुळे तो नजरेआड राहिला, हे त्यांच्या कार्यामुळे स्पष्ट झाले. गर्भारपण व रक्तक्षय यांच्याशी असलेल्या त्याच्या संबंधाकडेही त्यांनी लक्ष वेधले. त्यांचे देशबांधव निल्स ब्रागे नॉर्डलांडर यांनी १९५३ मध्ये शिरेवाटे लोह देऊन रुग्णांना आराम पडल्याचे दाखविले. पुढे २००० च्या सुमारास झालेल्या अभ्यासांत रक्तातील लोह पुरेसे असतानाही मेंदूत ते कमी असू शकते, असे आढळले.

तुर्की वैद्य शेवकेत अकपिनार यांनी १९८२ मध्ये कंपवातावरील लेव्होडोपा या औषधाचा गुण येतो असे दाखविले. त्यानंतर डोपामिनासारखे कार्य करणारी औषधे प्रचारात आली. परंतु ती दीर्घकाळ घेतल्यास लक्षणे दिवसा लवकर सुरू होतात, अधिक तीव्र होतात व हातांतही पसरू शकतात, हे १९९६ पासून ध्यानात येत गेले. अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या संस्थेने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत या औषधांचा सरसकट वापर टाळण्याचा सल्ला दिला असून लोहाच्या तपासणीस अग्रस्थान दिले आहे. नॉर्डलांडर यांनी दाखविलेल्या वाटेकडे वैद्यक अशा रीतीने पुन्हा वळले.

ओळख : निदानाचे आंतरराष्ट्रीय निकष १९९५ मध्ये ठरले व पुढे सुधारण्यात आले. पाय हलविण्याची इच्छा, विश्रांतीत तिची सुरुवात वा वाढ, हालचालीने आराम, सायंकाळी वा रात्री अधिक त्रास आणि या लक्षणांना दुसरे पुरेसे कारण नसणे, असे हे पाच निकष आहेत. निश्चित निदान करणारी रक्ताची वा क्ष-किरणांची परीक्षा नाही. ते रुग्णाच्या कथनावरच आधारलेले असते. पोटरीत गोळा आल्यास स्नायू कठीण होऊन तीव्र वेदना होतात, या विकारात तसे होत नाही. एकाच स्थितीत बसल्याने पायाला येणाऱ्या मुंग्या पायाची स्थिती बदलल्यावर जातात व लगेच परत येत नाहीत. पाय हलवीत बसण्याच्या सवयीत आतून होणारा त्रास नसतो. संधिवात, अपस्फीत नीला व मधुमेहातील तंत्रिकाविकार यांचाही विचार करावा लागतो. तीव्रता मोजण्यासाठी दहा प्रश्नांची ४० गुणांची श्रेणी वापरतात. तीत १ ते १० गुण म्हणजे सौम्य विकार समजतात.

सौम्य विकारातील काळजी : सौम्य विकारात बहुधा विशेष औषधांची गरज नसते. त्रास सुरू होताच उठून थोडे चालणे, पोटऱ्यांचे स्नायू ताणणे, पाय चेपून घेणे, गरम वा गार पाण्याने शेकणे यांनी तात्पुरता आराम पडतो. नाटक, सभा, दीर्घ प्रवास अशा प्रसंगी मधूनमधून उठता येईल अशी कडेची जागा घ्यावी. विणकाम, शब्दकोडे यांसारख्या मन गुंतविणाऱ्या कामांनीही लक्षणे सुसह्य होतात. झोपेची वेळ नियमित ठेवणे, दिवसा बेताचा व्यायाम करणे आणि सायंकाळनंतर चहा, कॉफी, मद्य व धूम्रपान टाळून पाहणे, हे उपाय अनेकांना उपयोगी पडतात. सर्दी-ॲलर्जीवरील झोप आणणारी काही औषधे, ओकारीवरील मेटोक्लोप्रामाइड व काही अवसादरोधी औषधे यांनी त्रास वाढू शकतो. परंतु चालू औषध वैद्यांच्या सल्ल्यावाचून बंद करू नये.

लोहाची तपासणी सौम्य विकारातही आवश्यक आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या सुमारे ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्यामुळे येथे या तपासणीला विशेष महत्त्व आहे [⟶ पांडुरोग]. फेरिटिनाचे प्रमाण दर मिलिलिटरला ७५ नॅनोग्रॅम वा त्याहून कमी असल्यास प्रौढ रुग्णांत वैद्य लोह देण्याचा विचार करतात. तपासणीवाचून लोह घेणे मात्र अयोग्य, कारण त्याचा अतिरिक्त साठा अपायकारक असतो. गर्भारपणात उद्भवलेला त्रास प्रसूतीनंतर बहुधा नाहीसा होतो. त्रास वाढत गेल्यास, झोप वारंवार मोडत असल्यास किंवा वृक्कविकार असल्यास वैद्यांकडे जावे. तेथे आपली संवेदना आपल्याच शब्दांत, ती केव्हा सुरू होते व कशाने शमते यांसह सांगावी. या विकारात रुग्णाचे असे कथन हेच निदानाचे मुख्य साधन आहे.