ई-निविदा (खानदेश)

ई-निविदा : पुरवठादारांकडून दर मागवणे, मुदतीपर्यंत ते गुप्त ठेवणे आणि नंतर ताडून पाहणे ही कामे संगणक प्रणालीवर करण्याची खरेदीपद्धती. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील राज्य शासनाच्या कार्यालयांच्या निविदा ‘महाटेंडर्स’ संकेतस्थळावर निघतात. भुसावळ रेल्वे विभाग ‘आयआरईपीएस’ वापरतो, तर केंद्रीय कार्यालयांसाठी 2016 पासून ‘जेम’ आहे.

लाखेची मोहोर आणि निविदापेटी गेली. तांत्रिक व आर्थिक असे दोन लिफाफे मात्र राहिले. ठेकेदार बयाणा रक्कम भरतो, कार्यालयाने दिलेल्या एक्सेल तक्त्यात आपले दर टाकतो आणि डिजिटल स्वाक्षरीनिशी तो चढवतो. तक्त्याची रचना किंवा फाइलचे नावही बदलायचे नसते. नवखे नेमके इथेच अडकतात.

दर कूटबद्ध असतात. एकाहून अधिक अधिकाऱ्यांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागल्याशिवाय लिफाफा उघडत नाही. ‘जेम’वर उलटा लिलावही होतो, त्यात प्रतिस्पर्ध्याचा दर पाहून पुरवठादार आपला दर उतरवत जातो.

पेटीपाशी कुणाला अडवण्याची सोय यामुळे उरली नाही, हा मोठाच फायदा. ठेकेदारांनी आधीच आपापसांत दर ठरवून घेतले, तर मात्र प्रणालीचा इलाज चालत नाही. किरकोळ खरेदी आजही तीन दरपत्रके मागवून उरकली जाते.