ख्रिस्ती नम्रता : ईश्वरासमोर लीन होण्याची साधना व बंगळुरू येथील परंपरा

माणूस हा निर्मिलेला आहे, त्याच्याजवळ जे काही आहे ते त्याला मिळालेले आहे, आणि पापी असूनही ईश्वराने त्याला कृपेने स्वीकारले आहे, या गोष्टी मनापासून मान्य करून त्यांना धरून जगण्याच्या वृत्तीला ख्रिस्ती धर्मविचारात नम्रता म्हणतात. ही वृत्ती नुसती मनात बाळगून भागत नाही, ती देहाने, वाणीने आणि आचाराने अंगी बाणवावी लागते, असे बहुतेक ख्रिस्ती परंपरा मानतात. म्हणूनच गुडघे टेकणे, पापांची कबुली देणे, उपवास, मौन, इतरांचे पाय धुणे अशा कृतींना उपासनेत आणि नित्याच्या साधनेत स्थान मिळाले आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कृतींविषयीच्या भारतीय चर्चेचे बंगळुरू हे एक प्रमुख केंद्र ठरले. भारतीय प्रणामाला कॅथलिक उपासनेत आणण्याचा प्रयत्न याच शहरातून झाला, आणि बारा वर्षांनी ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या माणसांपुढे वाकायला लावले गेले त्यांनी ईश्वरासमोरच्या नम्रतेचा अर्थ कसा लावावा, हा प्रश्नही याच शहरात उभा राहिला.

या कल्पनेचा पाया बायबलमध्ये आहे. मीखा संदेष्ट्याने यज्ञ व होमार्पणांपेक्षा न्यायाने वागणे, दयेची आवड धरणे आणि देवासमोर नम्रपणे चालणे यांना महत्त्व दिले. लूकच्या शुभवर्तमानातील दृष्टांतात मंदिरात प्रार्थना करणारा परूशी स्वतःच्या उपवासांचा आणि दशांशाचा पाढा वाचतो, तर दूर उभा असलेला जकातदार मान वर न करता छाती बडवून दयेची याचना करतो आणि तोच देवाच्या दृष्टीने नीतिमान ठरून घरी जातो. मात्र ख्रिस्ती नम्रतेचे खरे वेगळेपण फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात दिसते. तेथे नम्र होणारा माणूस नसून देवच आहे : ख्रिस्ताने आपले ईश्वरी वैभव धरून न ठेवता स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले आणि वधस्तंभावरचे मरण पत्करले. ईश्वराच्या या आत्मरिक्तीला धर्मशास्त्रात ‘केनोसिस’ म्हणतात. रोमन साम्राज्यात वधस्तंभ ही मुख्यतः गुलामांना आणि बंडखोरांना दिली जाणारी शिक्षा होती आणि हीनदीनपणाकडे तिरस्काराने पाहिले जात होते, हे लक्षात घेतले म्हणजे या मांडणीतील धक्का कळतो. योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू वस्त्रे उतरवून, कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो आणि पेत्र त्याला आधी विरोध करतो. हा विरोध बोलका आहे. सेवा करण्यापेक्षा सेवा स्वीकारणे अनेकदा अवघड जाते.

नम्रतेला साधनाक्रमाचे रूप दिले ते सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांनी. मठवासीयांसाठी लिहिलेल्या त्यांच्या नियमावलीच्या सातव्या प्रकरणात याकोबाच्या स्वप्नातील शिडीचा आधार घेऊन नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगितल्या आहेत. या शिडीवर स्वतःला उंचावणारा खाली येतो आणि लीन होणारा वर चढतो. पहिल्या पायरीवर ईश्वराचे भय सतत डोळ्यांसमोर ठेवायचे असते, तर बाराव्या पायरीवर ही नम्रता मठात, बागेत, शेतात, रस्त्यात कोठेही देहाच्या ठेवणीतून दिसू लागते, म्हणजे क्रम आतून बाहेर असा आहे. याच नियमावलीत मठात आलेल्या पाहुण्यासमोर मस्तक लववून किंवा जमिनीवर लोटांगण घालून, त्याच्या ठायी ख्रिस्ताला वंदन करावे आणि त्याचे पाय धुवावेत, असे सांगितले आहे. बंगळुरूजवळ केंगेरीच्या परिसरातील आशीर्वनम हा मठ याच बेनेडिक्टीय परंपरेतील आहे. पुढे तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी नम्रतेची सांगड मनाच्या थोरपणाशी घातली. त्यांच्या मते नम्रता माणसाला आवाक्याबाहेरच्या गोष्टींमागे धावण्यापासून आवरते, तर मनाचा थोरपणा त्याला आवाक्यातील मोठी कामे टाकून पळू देत नाही, त्यामुळे या दोन गुणांत विरोध नाही. स्वतःला कमी लेखणे म्हणजे नम्रता हा गैरसमज या विवेचनानंतर उरू नये, पण प्रवचनांतून तो आजही टिकून आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसृत केला आणि लॅटिन उपासनाविधी निरनिराळ्या लोकांच्या संस्कृतीनुसार जुळवून घेण्याची वाट मोकळी केली. भारतातील कॅथलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने १९६७ मध्ये बंगळुरू येथे बायबल, धर्मशिक्षण व उपासना या विषयांसाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन केले. एन. बी. सी. एल. सी. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या केंद्राचे पहिले संचालक तमिळ धर्मगुरू डी. एस. अमलोरपवदास (१९३२–९०) हे होते. भारतीय धर्माध्यक्षांनी पाठवलेल्या बारा सूचनांना रोमने २५ एप्रिल १९६९ रोजी मान्यता दिली. ‘बारा मुद्दे’ या नावाने त्या ओळखल्या जातात आणि त्यांच्याविषयी बोलताना आरती, उदबत्ती, समई हीच नावे प्रथम घेतली जातात. प्रत्यक्षात सुरुवातीचे मुद्दे देहाच्या ठेवणीविषयीचे आहेत. पादत्राणे काढून जमिनीवर बसणे, एक गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून खोलवर वाकणे, पंचांग प्रणाम, पवित्र वस्तूचे चुंबन घेण्याऐवजी तिला स्पर्श करून हात डोळ्यांना किंवा कपाळाला लावणे, आणि शांतीचे अभिवादन हात जोडून देणे, असा त्यांचा आशय आहे. सजावटीपेक्षा उपासकाने देवासमोर कसे असावे, याला तेथे अग्रक्रम मिळालेला दिसतो.

पंचांग प्रणाम म्हणजे दोन गुडघे, दोन हात आणि कपाळ ही पाच अंगे भूमीला टेकवून केलेले वंदन. छाती, पाय, दृष्टी, वाणी व मन यांचाही समावेश असलेल्या साष्टांग नमस्कारापेक्षा ते आटोपशीर असते. मान्य सूचनांनुसार हा प्रणाम शास्त्रवाचनापूर्वीच्या पश्चात्तापविधीत आणि महाप्रार्थनेच्या, म्हणजे भाकर व द्राक्षारस यांवरील मुख्य प्रार्थनेच्या, अखेरीस करावयाचा असतो. या पद्धतीच्या मिस्सेत, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, बाके नसतात. वेदी जमिनीपासून थोडीच उंच असते, धर्मगुरू अंगवस्त्रासारखे साधे वस्त्र घेऊन मांडी घालून तिच्यासमोर बसतो आणि मेणबत्त्यांच्या जागी तेलाची समई तेवत असते. पश्चात्तापाच्या वेळी धर्मगुरू आणि मंडळी एकदमच कपाळ जमिनीला टेकवतात, आणि काही क्षण उभा किंवा बसलेला असा कोणीच राहत नाही. लॅटिन पद्धतीत धर्मगुरूची उंचावरची जागा व त्याचे आसन यांमुळे दिसणारा दर्जाचा फरक तेवढ्यापुरता पुसला जातो. या विधीची सर्वांत मोलाची बाब हीच म्हणावी लागेल, जरी तिची चर्चा फारशी होत नाही.

या बदलांवर पहिला आक्षेप परंपरानिष्ठ कॅथलिकांकडून आला. ख्रिस्ती उपासनेचे हिंदूकरण होत आहे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि केंद्रातील प्रार्थनामंदिराची मंदिरवास्तूसारखी घडणही वादाचा विषय झाली. प्रणामापुरता पाहिला तर हा आक्षेप कच्चा आहे, कारण भूमीवर पालथे पडणे रोमन विधीलाही परके नाही : दीक्षाविधीत भावी धर्मगुरू वेदीसमोर पालथे पडून राहतात आणि उत्तम शुक्रवारच्या उपासनेची सुरुवातच मुख्य धर्मगुरूच्या लोटांगणाने होऊ शकते. सीरियन परंपरेतील मलंकरा ख्रिस्ती तर मोठ्या उपवासकाळातील प्रार्थनांत पुनःपुन्हा जमिनीवर डोके टेकवतात.

दुसरा आक्षेप अधिक खोल होता. भारतीयीकरण म्हणून जे स्वीकारले गेले त्यातील बरेचसे संस्कृत ग्रंथपरंपरेतून आणि उच्चवर्णीय मंदिराचारातून आलेले होते, तर भारतीय ख्रिस्ती समाजाचा फार मोठा भाग दलित जातींतून आलेला होता. त्यांच्या पूर्वजांना त्या मंदिरांत पाऊलही ठेवता आले नव्हते. बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये (स्थापना १९१०) एप्रिल १९८१ मध्ये अरविंद पी. निर्मल यांनी शूद्र ईश्वरविद्येची दिशा मांडणारे व्याख्यान दिले. ईश्वरविद्या म्हणजे देवाविषयीचा पद्धतशीर विचार. पुढे दलित ईश्वरविद्या या नावाने वाढलेल्या प्रवाहाचा आरंभ या व्याख्यानापासून धरला जातो. निर्मल यांनी बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २६व्या अध्यायातील प्रथमफळाच्या अर्पणाचा आधार घेतला. तेथे उपासक टोपली वेदीपुढे ठेवून आपला पूर्वज भटका होता, परक्या देशात त्याचा छळ झाला आणि देवाने त्याला सोडवले, असे सांगतो. ईश्वरासमोर नम्र होणे म्हणजे आपला इतिहास न लपवता त्याच्यापुढे मांडणे, असा अर्थ यातून निघतो. निर्मल यांनी याही पुढे जाऊन यशयातील दुःखसेवकाच्या चित्रावरून सेवकपण हे ईश्वराचेच स्वरूप मानले आणि धोबी, भंगी यांच्या वाट्याला आलेली सेवा देवाच्या स्वरूपाशी जोडली. या मांडणीत एक धोकाही आहे, कारण लादलेल्या सेवेला ईश्वरी ठरवले की ती लादणाऱ्याची सोय होते. नंतरच्या दलित अभ्यासकांनी तिची चिकित्सा केलीच. याच महाविद्यालयात अध्यापन केलेल्या सत्यनाथन क्लार्क यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात परैयर या तमिळ दलित जातीच्या ढोलाला ख्रिस्तविचाराचे प्रतीक मानले, म्हणजे समईच्या शांत उजेडाऐवजी ढोलाचा मोठा आवाज उपासनेच्या विचारात आणला.

मराठी वाचकाला या वादाची खूण ‘जोहार’मध्ये सापडेल. महारांनी गावातील वरिष्ठांना वाकून करावयाचे हे अभिवादन संतांनी विठ्ठलापुढे नेले, आणि एकनाथांची जोहारावरील भारुडे प्रसिद्ध आहेत. पण आंबेडकरी चळवळीने ते टाकून दिले, कारण देवापुढचा जोहार आणि पाटलापुढचा जोहार यांची गल्लत समाजाने कधी सोडली नव्हती. ख्रिस्ती नम्रतेची कसोटी येथेच लागते. ज्याला उभे राहण्याची मुभा आहे त्याचे वाकणे नम्रता ठरू शकते. ज्याला ती मुभाच नाही त्याच्या वाकण्याला तेच नाव देणे हा अन्याय होय.

महाराष्ट्रात या विषयाची सर्वांत समृद्ध अभिव्यक्ती रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या काव्यात आढळते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी तुकारामांच्या भक्तिमार्गावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे मानले आणि अभंगाच्या घाटात ख्रिस्ताविषयीची दास्यभक्ती गायिली. त्यांची अनेक गीते मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून आजही म्हटली जातात. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि सातारा येथे बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही अनुयायांसाठी ‘देवाचा दरबार’ उघडला. बंगळुरूतील प्रयोगांच्या अर्धशतक आधीचा हा भारतीयीकरणाचा प्रयत्न उपासनाविधीपेक्षा भाषेतून आणि जीवनपद्धतीतून झाला होता.

बंगळुरूतील सामान्य ख्रिस्ती उपासकाच्या जीवनात बारा मुद्द्यांपैकी फार थोडे उतरले. बहुतेक चर्चमध्ये बाके आणि गुडघे टेकण्याच्या फळ्या कायम आहेत. चर्च ऑफ साऊथ इंडिया या प्रॉटेस्टंट चर्चच्या उपासनेत प्रभुभोजनापूर्वी आपण मेजाखालचे कणही वेचण्यास योग्य नाही, या आशयाची अँग्लिकन वारशातील प्रार्थना टिकून राहिली. पेंटेकोस्टल मंडळ्यांत समर्पणाची खूण म्हणून वर उचललेले उघडे हात दिसतात. लोकभक्तीने मात्र कोणाच्या मान्यतेची वाट पाहिली नाही : शिवाजीनगर येथील सेंट मेरीज बॅसिलिकामध्ये ८ सप्टेंबरच्या सणापूर्वीच्या नोव्हेनाच्या, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनांच्या, काळात अनेक भाविक भगवी वस्त्रे नेसून नवस फेडण्यास येतात आणि शेवटी मरियेच्या मूर्तीची रथयात्रा निघते.

येशूने शिष्यांचे पाय धुतल्याच्या आठवणीसाठी पवित्र गुरुवारी होणाऱ्या पाय धुण्याच्या विधीतही असाच प्रश्न उभा राहिला. त्याबाबत पोप फ्रान्सिस यांच्या सूचनेनुसार जानेवारी २०१६ मध्ये नियम बदलला आणि तोवर फक्त पुरुषांचे पाय धुण्याची असलेली मर्यादा उठवून स्त्रियांसह मंडळीतील सर्व प्रकारच्या लोकांची निवड करण्याची परवानगी दिली गेली. पूर्वेकडील विधी पाळणाऱ्या सीरो-मलबार चर्चने मात्र आपल्या परंपरेचा हवाला देऊन बारा पुरुष किंवा मुलगे यांचेच पाय धुण्याची रीत पुढे चालू ठेवली.