श्वासांचा हिशोब : धुरात हरवलेल्या अग्निशामकांच्या सुटकेचा इतिहास

२३ जानेवारी १९५८ च्या पहाटे लंडनच्या स्मिथफील्ड मांसबाजाराखालील शीतगृहात आग लागली. तळघराचा विस्तार सुमारे अडीच एकर. अरुंद बोळ, एकसारखी दिसणारी दालने, गोठवलेल्या मांसाच्या राशी आणि भिंतींत ठासून भरलेले उष्णतारोधक साहित्य. क्लार्कनवेल ठाण्याचा एक अधिकारी आणि त्याचा एक जवान श्वसनसंच लावून आत उतरले, ते परतलेच नाहीत. त्यांचे मृतदेह मिळाले तेव्हा त्यांच्या संचांतील प्राणवायू संपलेला होता. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधीच वाट हरवली आणि श्वास संपला. आग पुढे सुमारे तीन दिवस धुमसत राहिली आणि तिच्याशी झुंजण्यासाठी पाळीपाळीने सतराशेच्या आसपास जवान लागले.

आगीत अडकलेल्या नागरिकाला कसे बाहेर काढावे याचे शास्त्र त्याच्याही पुष्कळ आधी सुरू झाले होते. शिड्या, दोर, उडी झेलण्याच्या चादरी ही साधने एकोणिसाव्या शतकातली. अग्निशामक स्वतःच संकटात सापडला तर काय करायचे, या प्रश्नाला मात्र दीर्घकाळ सोबत्यांच्या धाडसाखेरीज उत्तर नव्हते. स्मिथफील्डनंतर ब्रिटनने या धाडसाला प्रथमच देशभर एकसारख्या हिशोबाची जोड दिली.

स्मिथफील्डच्या जवानांनी वापरलेले संच 'प्रोटो' नावाचे होते. बाहेर सोडलेला श्वास पिशवीत घ्यायचा, त्यातील कार्बन डायऑक्साइड रसायनाने शोषून घ्यायचा, कमी पडलेला प्राणवायू छोट्या सिलिंडरमधून पुरवायचा आणि तोच श्वास पुन्हा घ्यायचा, असे त्यांचे कार्य चाले. या जातीची यंत्रे कोळशाच्या खाणींतील बचावकार्यात मुरलेली होती. त्यांना धूर आत शिरू न देण्याचे काम चांगले जमे. पण दाबमापकाकडे लक्ष ठेवण्याचे काम माणसाचेच होते, आणि काळोखात, घामाने निथळत, हाताने भिंत चाचपत पुढे सरकणाऱ्या माणसाला दाबमापक दिसणार कसा?

म्हणून १९५८ च्या दुर्घटनेनंतर आलेल्या पद्धतीत हिशोब दाराबाहेरच्या माणसाकडे सोपवण्यात आला. आत जाणाऱ्या प्रत्येकाजवळ एक बिल्ला. त्यावर नाव, सिलिंडरमधील दाब आणि प्रवेशाची वेळ. आत जाताना बिल्ला प्रवेशद्वारावरील अधिकाऱ्याच्या हाती द्यायचा, त्याने तो फळ्यावर लावायचा आणि प्रत्येकाच्या नावापुढे परतीची वेळ मांडायची. सिलिंडरमधील दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की आपोआप वाजणारी शिट्टी संचाला जोडण्यात आली. परतीची वाट सापडावी म्हणून मार्गदर्शक दोर आला, आणि मोठ्या आगीत बाहेर सज्ज बसलेली राखीव तुकडीही. फळ्यावर बिल्ला उरला आणि माणूस आला नाही, तर शोध सुरू करायला कोणाच्या हाकेची वाट पाहायची नाही. संपूर्ण पद्धतीचे मर्म याच एका गोष्टीत आहे.

या हिशोबामागचे गणित शाळकरी आहे. आजच्या सामान्य संचात ६ लिटर आकारमानाच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने हवा भरलेली असते. म्हणजे ढोबळमानाने १,८०० लिटर. कष्टाचे काम करणारा माणूस मिनिटाला सुमारे ४० लिटर हवा वापरतो असे धरले, तर ४५ मिनिटे मिळतात. त्यातील १० मिनिटे सुरक्षिततेसाठी बाजूला काढली की हाती उरतात ३५. ती जाण्यासाठी, कामासाठी आणि येण्यासाठी, तिन्हींसाठी मिळून. शिवाय ४० लिटर हा केवळ नियोजनाचा आकडा आहे. घाबरलेल्या किंवा जिन्यावरून कोणाला ओढून आणणाऱ्या माणसाची फुप्फुसे त्याला जुमानत नाहीत.

अटलांटिकपलीकडे अमेरिकेत हाच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून हाताळला गेला. तेथे भर राहिला तो जवानाच्या हाकेवर. 'मेडे' हा शब्द मूळचा आगीचा नाहीच. १९२३ मध्ये लंडनजवळील क्रॉयडन विमानतळावरील बिनतारी अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी, 'माझ्या मदतीला या' अशा अर्थाच्या फ्रेंच उच्चारावरून, वैमानिकांसाठी तो घडवला. बोलण्यातील 'एस' हे अक्षर तत्कालीन बिनतारी संचावर नीट ऐकू येत नसे, त्यामुळे 'एसओएस' तोंडी उपयोगाचे नव्हते. १९२७ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडिओ कराराने त्याला मान्यता दिली. अग्निशमनात तो पुष्कळ उशिरा रुजला.

हाक ऐकूच गेली नाही तर काय होते, हे १ जुलै १९८८ रोजी न्यू जर्सीतील हॅकनसॅक गावात दिसले. एका मोटार विक्री केंद्राचे धनुष्याकृती लाकडी कैच्यांवर उभे असलेले छप्पर कोसळले. तिघे जागीच गेले. दोघे शेजारच्या अवजारांच्या खोलीत शिरून वाचले, पण कोंडले गेले. ते बिनतारी संचावरून पुन्हा पुन्हा मदत मागत होते. एकाच वाहिनीवर सर्वांचे बोलणे चाललेले असल्याने त्या गलबल्यात त्यांची हाक विरून गेली. हवा संपेपर्यंत मदत पोहोचली नाही. संकटातील माणूस बोलू लागला की बाकीच्यांनी गप्प व्हायचे, हा आज साधा वाटणारा नियम अशा मृत्यूंनंतर पाठ्यक्रमांत कायमचा बसला. सोबत हाकेचा मजकूरही ठरला : मी कोठे आहे, कोणत्या तुकडीचा, माझे नाव काय, हवा किती उरली, मला काय हवे.

शुद्ध हरपलेला माणूस हाक मारू शकत नाही. त्याच्यासाठी १९८० च्या दशकात अंगावर बाळगायचा गजर आला. जवान सुमारे ३० सेकंद निश्चल राहिला की तो कर्कशपणे वाजू लागतो. कल्पना उत्तम होती, पण भौतिकशास्त्राने तिच्यात दोन खोटी दाखवल्या. पहिली उष्णतेची. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या चाचण्यांत असे आढळले की सुमारे १५० अंश सेल्सिअस तापमानापासूनच काही गजरांचा आवाज क्षीण होऊ लागतो. म्हणजे ज्या क्षणी त्याची गरज, त्याच क्षणी तो दगा देणार. २००७ च्या मानकात त्यामुळे उष्णतेच्या कठोर चाचण्या आल्या. दुसरी खोट हवेतच आहे. २० अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. ३०० अंशांच्या हवेत तो ४८० मीटरच्या आसपास जातो. पेटलेल्या खोलीत छताजवळ तप्त आणि जमिनीजवळ तुलनेने थंड असे थर असल्याने ध्वनी सरळ न जाता वाकतो, आणि गजर नेमका कोणत्या दिशेने येतो हे कानाला उमगणे अवघड होते.

गजर सापडला आणि माणूसही सापडला, तरी तो बाहेर येईलच असे नाही. २८ सप्टेंबर १९९२ रोजी डेन्व्हर शहरात एक जवान जेमतेम ७० सेंटिमीटर रुंदीच्या जागेत अडकला. समोर खिडकी होती; पण तिची चौकट जमिनीपासून मीटरभराहून उंच आणि ती स्वतः अरुंद. सोबती त्याच्यापर्यंत पोहोचले, त्याला उचलू लागले, पण त्या बोळकांडीत दोघांना शेजारी वाकायलाही जागा नव्हती. बराच वेळ झटूनही तो जिवंत बाहेर आला नाही. पुढे त्या खिडकीच्या आणि बोळाच्या मापाचा लाकडी सांगाडा बनवून सराव सुरू झाला. जगभरच्या प्रशिक्षण केंद्रांत तो आज 'डेन्व्हर ड्रिल' म्हणून शिकवला जातो.

१९९८ मध्ये अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत 'दोन आत, दोन बाहेर' हे तत्त्व आले. आत किमान दोघांनी एकत्र जायचे आणि तेवढेच दोघे बाहेर सज्ज हवेत. कागदावर हा हिशोब नीट जुळतो. पुढच्याच वर्षी तो किती तोकडा आहे हे उघड झाले.

३ डिसेंबर १९९९. मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर शहर. १९०६ साली बांधलेले, वापरात नसलेले सहा मजली शीतगृह. वरच्या मजल्यांना खिडक्या नाहीत, भिंतींना बूच आणि फोमचे जाड अस्तर. तेथे आसरा घेतलेल्या दोन बेघर व्यक्तींच्या हातून मेणबत्ती कलंडली होती. ते आत असतील या समजुतीने शोध सुरू झाला. प्रत्यक्षात ते आधीच निघून गेले होते. शोध घेणारे दोन जवान धुरात वाट चुकले, त्यांनी हवा संपत आल्याचे कळवले. त्यांना शोधायला गेलेल्यांपैकी आणखी चौघे परतले नाहीत. जिल्हाप्रमुख मायकेल मॅकनॅमी यांच्यासमोर, आपले सोबती आत आहेत म्हणून वर धावू पाहणारे जवान उभे होते. मॅकनॅमी जिन्याच्या दारात आडवे उभे राहिले आणि त्यांनी कोणालाही आत जाऊ दिले नाही. सहा मृतदेह शोधून काढायला पुढे आठ दिवस लागले.

बचावाच्या इतिहासात या निर्णयाइतका कठीण निर्णय क्वचित सापडेल. तो घेणाऱ्याजवळ आकडे नव्हते. आकडे नंतर आले.

१४ मार्च २००१ रोजी फिनिक्स शहरातील एका सुपरमार्केटच्या आगीत एक जवान हरवला आणि दगावला. त्याला काढण्याच्या प्रयत्नात इतरही संकटात सापडले आणि डझनाहून अधिक 'मेडे' हाका आल्या. फिनिक्स अग्निशमन विभागाने त्यानंतर एक असाधारण गोष्ट केली. व्यापारी इमारतींत दोनशेहून अधिक वेळा सुटकेचा सराव घडवून त्याची घड्याळ लावून नोंद ठेवली. निष्कर्ष असे : एका जवानाला बाहेर काढायला सरासरी १२ जण लागतात. सुटकेला जाणाऱ्या दर पाचांपैकी एक स्वतःच अडचणीत येतो. हाक आल्यापासून माणूस बाहेर येईपर्यंत सरासरी २१ मिनिटे जातात. आणि नेहमीच्या वापरातील '३० मिनिटांचे' सिलिंडर प्रत्यक्षात सरासरी १९ मिनिटेही पुरत नाही.

शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. हाक मारणाऱ्याचे सिलिंडर बहुधा अर्धे रिकामे झालेले असते, आणि मदतीला लागणारा वेळ पूर्ण सिलिंडरहून मोठा. 'शीघ्र बचाव तुकडी' या नावातील 'शीघ्र' हा शब्द किती आशावादी आहे, हे या सरावाने दाखवले. तेव्हापासून विचारांची दिशा पालटली. हरवलेल्याला आधी हवा पोहोचवायची, मग त्याला हलवायचे. यात एक क्षुल्लक वाटणारा अडथळा होता : निरनिराळ्या कंपन्यांच्या संचांचे जोड एकमेकांना बसत नसत. २००२ च्या अमेरिकी मानकाने सर्व संचांना एकाच मापाचा आपत्कालीन जोड सक्तीचा केला. शिट्टी वाजल्यावर परत फिरण्याऐवजी ती वाजेपर्यंत बाहेर पोहोचलेले असावे, असा दंडकही पुढे आला.

भारताने आपले अग्निशमन शास्त्र मुख्यतः ब्रिटिश परंपरेतून घेतले. १९५६ मध्ये रामपूर येथे सुरू होऊन पुढच्या वर्षी नागपूरला आलेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय हे त्या शिक्षणाचे देशातील प्रमुख केंद्र. श्वसनसंच, बिल्ला, फळा आणि दोर हे भारतीय अधिकाऱ्याच्या शिक्षणात त्याच वाटेने आले. आपल्याकडील स्मरणाचा दिवस मात्र वेगळ्या प्रकारच्या मृत्यूंचा आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावरील कापसाची आग दारूगोळ्यापर्यंत पोहोचली आणि स्फोटात ६६ अग्निशामक गेले. त्यांना कोणतीही बचाव तुकडी वाचवू शकली नसती. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीचा भाग आगीत कोसळला. दलाचे चार अधिकारी त्यात बळी पडले. दोघे घटनास्थळी आणि दोघे, त्यांत दलाचे प्रमुख, नंतर रुग्णालयात. जुन्या लाकडी इमारतीत श्वासाच्या हिशोबाबरोबरच तुळया किती वेळ तग धरतील याचाही हिशोब मांडावा लागतो, आणि त्याला अजून कोणती शिट्टी नाही.

फिनिक्सचा आकडा भारतीय परिस्थितीत ठेवला तर तो अधिक बोचतो. एका बंबावर साधारण पाच-सहा जण असतात. एका हरवलेल्यासाठी १२ जण म्हणजे दोन बंबांचे संपूर्ण मनुष्यबळ, आणि तेही आग विझवण्याचे काम न थांबवता. २०२३ मध्ये केंद्र सरकारने राज्यांतील अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी व आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्यातून गाड्या आणि संच येतील. पण दाराबाहेर नुसते सज्ज बसणारे, काहीच न करणारे चौघे-सहा जण ही खर्चाची बाब कोणत्याही अंदाजपत्रकात समर्थन करायला सर्वांत अवघड असते.

दरम्यान संशोधकांचा पाठपुरावा एका जुन्याच प्रश्नाचा आहे : तो नेमका आहे कोठे? उपग्रहांचे संकेत जाड भिंतींआड पोहोचत नाहीत आणि रेडिओ लहरी पोलादावर आपटून दिशा बदलतात. वूस्टर शहरातीलच तंत्रविद्यापीठाने त्या दुर्घटनेनंतर इमारतीतील माणसाचे स्थान शोधण्याच्या संशोधनाला वाहून घेतले. 'नासा'च्या जेट प्रपल्शन प्रयोगशाळेने 'पॉइंटर' या प्रणालीसाठी वेगळा मार्ग निवडला : फार कमी वारंवारतेचे चुंबकीय क्षेत्र, जे भिंतींतून फारसे न विस्कटता पार होते. जवानाच्या अंगावरील छोट्या उपकरणावरून तो कोणत्या मजल्यावर, कोणत्या कोपऱ्यात आणि उभा आहे की आडवा, हे बाहेरच्या गाडीतील पडद्यावर दिसावे असा तिचा उद्देश आहे. तोवर दाराबाहेरच्या फळ्यावर प्रत्येक बिल्ल्यापुढे वेळ लिहिली जाते, आणि ती उलटली की राखीव तुकडी मुखवटे चढवते.